आंबोळगड, अमावास्या, साडेसात

मृणालिनी,
फोटो पाठवतेय. सात आहेत.
पहिला बघून हसू नकोस, त्याचं शेवटी सांगते.

तू विचारलंस, आभाळ एवढं काळं कुठे मिळालं.
काळं नव्हतंच ते.
सड्यावर गाडीचे दिवे घालवले
तेव्हा आधी काहीच दिसेना,
मग कातळ दिसला, कातळावरचं वाळायला लागलेलं गवत,
मग माझेच हात.
डोळ्यांना वीस मिनिटं दे.
तोवर मोबाईल काढायचा नाही, वेळ बघायलाही नाही.
विजेरीला लाल जिलेटिन लाव,
गणपतीच्या मखरातलं उरलेलं असतंच घरात.

दिवस म्हणशील तर दिवाळीची अमावास्या.
सगळा मुलूख दिवे लावतो
आणि ही बया काळोख शोधत हिंडते,
असं आमच्या घरी म्हणतात. म्हणू देत.
पावसाने धुतलेली हवा अजून तशीच असते
आणि आकाशगंगा नैर्ऋत्येला
समुद्रात उतरत असते, तिरकी,
कुणी जाळं ओढून नेत असल्यासारखी.
तासभर मिळतो. मग गेली.

तिपाई वाळूत रोवशील तर खचेल,
तिसऱ्या फोटोतलं क्षितिज म्हणूनच कलंडलंय.
तीन करवंट्या ने, पायांखाली पालथ्या घाल.
फोकस दूरच्या ट्रॉलरच्या दिव्यावर लाव,
मग त्या रिंगला हात लावू नकोस, शपथ आहे.
काचेवर खार बसतो, दर दहा मिनिटांनी पुसायचा,
ओढणीने नाही.
आणि पाण्याकडे पाठ करू नकोस.
अमावास्येची ओहोटी तिन्हीसांजेला फसवते,
नंतर पाणी आवाज न करता येतं.
माझी एक चप्पल अजून तिकडेच आहे.

आता पहिला.
सगळं जुळून आलं होतं, फक्त डावीकडे
एका घराच्या पडवीत बल्ब.
शंभरचा, पिवळा, उघडा.
प्रत्येक फ्रेम त्याने जाळून टाकली.
शेवटी गेले, दारात उभी राहिले,
"जरा दिवा विझवाल का?"
शेवंतीबाई आडिवरेकर करंज्या तळत होत्या.
झारा वर धरून बघितलं माझ्याकडे, वरपासून
त्या एका अनवाणी पायापर्यंत.
"आजच्या दिवशी 'विझव' म्हणतंस?
'मालव' म्हणूचा गो."
मग म्हणाल्या, "किती येळ?"
पंचवीस सेकंद.
"तेवढा काय? मी मोजतंय, तू काढ."

आता गंमत बघ,
त्या उघडझापीलाही बल्ब मोडच म्हणतात:
बोट सोडेपर्यंत पडदा उघडा.
बल्ब मालवला आणि बल्ब सुरू केला.
पडवीतून आकडे यायला लागले. एक. दोन.
सातनंतर थांबल्या. कढईखालचा जाळ बारीक केला असावा.
आठ.
बाराला कुत्रं भुंकलं, त्याला दटावलं, मग तेरा.
एकोणीसनंतर बराच वेळ काहीच नाही.
मी बोट दाबून उभी, मनात म्हणतेय, बाई, आकडा!
तर आवाज आला, अगदी हळू,
"बाजलं खंय गेला गो?"
मी म्हटलं, ते उत्तरेला, आत्ता उगवायचं नाही,
पहाटे बघा, चोरांसकट दिसेल.
"आमचे बापूस दाखवीत.
बल्ब इल्यापासून बघूकच नाय."
वीस. एकवीस.

पंचवीस झाले तेव्हा घड्याळात
दीड मिनिट उलटून गेलं होतं.
म्हणून पहिल्या फोटोत तारे टिंबं नाहीत,
तांदळाचे दाणे झालेत, लांबुळके,
सगळे एकाच बाजूला कललेले.
शास्त्राप्रमाणे वाया गेलेला फोटो.
खाली कोपऱ्यात लाल ठिपका आहे ना,
ती चूल.

दुसरा काढायला वेळ उरला नाही,
आकाशगंगा बुडाली होती
आणि माझ्या हातात गरम करंजी.

एक प्रत त्यांना पोस्टाने पाठवायची आहे.
पत्ता विचारला, तर म्हणाल्या,
"पत्तो कसलो? बंदराच्या वाटेर विचार,
रातभर दिवो असता ता घर."