उभा माग

स्लाइड क्रमांक चारशे सतरा.
मेणाच्या वडीतून पाच मायक्रॉनचा काप
कोमट पाण्यावर सोडायचा,
सुरकुती न पाडता काचेवर उचलायचा.
सोळा वर्षं हेच, सिव्हिलच्या तळमजल्यावर.
दारावर पाटी : हिस्ट्रोलॉजी.
जास्तीचा र पेंटरनं घातला,
काढायला कुणी आलं नाही.

माझा विसरलेला डबा घेऊन नान्ना आले,
अक्कलकोट रोडवरून, रात्रपाळी उतरून,
भुवयांवर कापसाची पांढरी लव.
पाटी वाचून म्हणाले, हे कुणाचं आडनाव?

म्हटलं, ग्रीक लोकांचा शब्द आहे. मुळात हिस्टोस.
हिस्टोस म्हणजे माग.
– मग्गम?
मग्गमच. आणि त्यावरचं कापडही.
तेव्हा कुठे ते स्टुलावर बसले.

मग सांगत सुटले मी, स्लाइडी रंगवता रंगवता :
की माणूस चिरून पाहणाऱ्यांना
आत कापड दिसलं,
फ्रेंचांनी त्याला विणलेलंच म्हटलं,
जर्मनांनी जुन्या मागाचं नाव शोधून
शास्त्राच्या गळ्यात घातलं.
तिथून शब्द निघाला गावोगाव.
इटलीनं त्याचा ह गाळला,
रशियाला ह जमेना, त्यांनी ग लावला,
जपाननं आवाज सगळा टाकून दिला
आणि अक्षरात सूत तेवढं ठेवलं.

– आणि आपण?
आपण ऊती. तेही विणलेलंच,
ओतप्रोत मधलं ओत आहे ना, त्याच घरचं.
बोलताना ताणाबाणा तोंडातून जातो
आणि कळत नाही.

सबीहा मॅडम आतून म्हणाल्या, हमारे यहाँ नसीज,
वो भी बुनाई.
शिवलिंगप्पा कचऱ्याची बादली घेऊन उभा,
त्याच्या कन्नडात अंगांश.
त्यात धागा नाही, त्याला वाईट वाटलं.
आणि तेलुगूत?
पुस्तकात कणजालम् लिहितात, मी म्हटलं. पेशींचं जाळं.
नान्ना तडकलेच :
जाळं कोळ्याचं! 
साळ्यांच्या भाषेत
ह्यांना मग्गम सापडला नाही?

हसू ओसरल्यावर
मी चारशे सतरा भिंगाखाली ठेवली.
निळाजांभळा, गुलाबी.
रंग पक्का आहे, ते म्हणाले,
धुण्यात जाणार नाही.
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
चादरीचं टोक उजेडाकडे धरून
दोष शोधतात, तसा एक डोळा मिटलेला.

– इथवर पोत बरा आहे.
इथून पुढे
विणणाराच बदललाय.

मी पाहिलं.
कडेपासून आत, डावीकडे,
बरोबर तिथेच.
मी काहीच बोलले नाही; सही माझी नसते.
(सही तिसऱ्या दिवशी झाली.
विडी घरकुलातली बाई, वय त्रेपन्न, गालाची आतली बाजू.)

– पोगु तुटला तर आपण गाठ मारतो.
इथे?
कधी कधी, मी म्हटलं.
त्यांनी डब्याचं झाकण
आधीच घट्ट होतं ते पुन्हा दाबलं.

एक सांगायचं राहिलं.
हिस्टोसच्याही मुळाशी आणखी एक शब्द आहे :
उभं राहणं.
ग्रीकांचा माग भिंतीला टेकून उभा असायचा,
गलबताच्या डोलकाठीलाही ते हिस्टोसच म्हणत.
सांगणार होते,
पण एकेचाळीस वर्षं चार मागांच्या मधे
पाळीपाळीनं उभा राहिलेला माणूस
स्टुलावरून उठत होता,
गुडघ्यावर हात ठेवून,
दोन टप्प्यांत.