पडण्याची तालीम

वडाळ्याच्या साइटवर, सिमेंटच्या गोदामाला लागून
एक पांढरा कंटेनर. आत एसी, दोन खुर्च्या
आणि जमिनीवर पिवळ्या टेपने आखलेला चौकोन.
इथे माणसं पडायला शिकतात.

शिकवणारी मी. प्रत्येकानंतर ओल्या टिश्यूने चष्मा पुसते,
तरी फोमला वास राहतोच
घामाचा, तंबाखूचा, खोबरेल तेलाचा.
डोक्याला बांधला की थेट चौतिसावा मजला.
खाली मुंबई, बरीचशी हुबेहूब :
मोनोचा रूळ, गोदामांचे पत्रे, खाडीचा करडा तुकडा.
मग फळी निसटते.

बहुतेक जण ओरडतात.
मालद्याचा अख्तारुल तर माझ्या टेबलाला मिठी मारून बसला.
बाकीचे हसले,
आपापली पाळी येईपर्यंत.
मनगटावरचा पट्टा नाडी मोजतो,
चष्मा बुबुळं कुठे पळाली ते टिपतो,
आणि कधीही परांची न चढलेला संगणक ठरवतो
उद्या वर कोण जाणार.

सोमला राठोड परांची बांधतो.
वय त्याला नक्की ठाऊक नाही, आधार कार्डावर एकावन्न.
फळी निसटली तेव्हा तो नुसता उभा.
नाडी अडुसष्ट.
बुटाच्या आत डावा अंगठा तेवढा हलत होता,
अंधारात बांबूची गाठ चाचपावी तसा.
अंगठ्याला सेन्सर नव्हता.

पडद्यावर लाल अक्षरं उमटली :
भीती आढळली नाही. बेफिकीर. उंचीवर पाठवू नये.

मी विचारलं, काका, तुम्ही घाबरला कसे नाहीत?
चष्मा उलटासुलटा करून बघत तो म्हणाला,
"यात आवाज नाही, बाई."
कसला?
"खालचा."
मग बऱ्याच वेळाने, हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली ओढत :
"धाकटा भाऊ होता माझा. कांजूरला. सतराव्यावरून.
तेव्हापासून रोज रात्री पडतो आम्ही दोघं.
तो पोचतो.
मी मधेच जागा होतो."

फॉर्ममध्ये याला रकाना नाही.
'शेरा'पुढे तीस अक्षरं बसतात.
मी बोटांवर मोजून पाहिली,
आणि खाली सही केली.

आता तो तळमजल्यावर क्लॅम्प निवडतो,
गंजलेले एका ढिगात, धड दुसऱ्या.
जाता-येता प्रत्येक पाइपवर स्पॅनरने एक टक् करतो,
मान कलती ठेवून ऐकतो, पुढे जातो.
खांबावरचा कॅमेरा त्याच्याभोवती हिरवी चौकट काढतो :
हेल्मेट आहे, जाकीट आहे, बूट आहेत.
ऐकण्याची नोंद होत नाही.

परवा सगळे गेल्यावर मी कंटेनरची कडी आतून लावली
आणि चष्मा बांधला.
फळी हलली मात्र,
मी पिवळी टेप ओलांडून मागे. टेबलाची कड लागली,
कोपर सोललं. नाडी एकशे एकतीस.
पडद्यावर हिरवी अक्षरं :
जागरूक. प्रतिसाद उत्तम. उंचीवर काम करण्यास योग्य.

होइस्टशिवाय मी कधी
चौथ्याच्या वर गेलेले नाही.

सकाळी हजेरीच्या वेळी सोमलाने कोपर पाहिलं.
"पडलात?"
मी नाही म्हटलं.
त्याने मान हलवली, आणि स्पॅनर घेऊन
पुढच्या पाइपकडे वळला.