सात मिनिटं

शेवटच्या थांब्यावर बस गोल वळते
आणि वेळापत्रक मला सात मिनिटं देतं.
आधी बारा होती.
पाच कुणीतरी ऑफिसात बसून
खोडरबरानं पुसली.

पूर्वी त्या सातांत मी थर्मासमधली कॉफी प्यायचे,
तपकिरी चीज लावलेला पाव खायचे
आणि आरशात बघत बसायचे
चव्वेचाळीस रिकाम्या खुर्च्या.
अख्ख्या ट्रोम्सोला मी इकडून तिकडे नेते,
अन् स्वतः सकाळी जिथे बसते
तिथूनच दुपारी उठते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
साखर उंबऱ्यापर्यंत आली आहे, गुन्वोर,
घरात शिरली नाही अजून.
रोज तीस मिनिटं चाला.
मला हसूच आलं.
सलग तीस मिनिटं माझ्याकडे शेवटची होती
तेव्हा स्वेर्रे पोटात होता
आणि मला सक्तीनं आडवं केलं होतं.

मग मी मोड गोळा करू लागले.
जुन्या कोटाच्या अस्तरात
नाणी सापडतात तशी मिनिटं.

सात इथे. वळणाच्या गोलाला चार फेऱ्या,
बुटांखाली लोखंडी काटे,
अंगात चमकतं पिवळं जाकीट.
नोव्हेंबर सरताना गेलेला सूर्य अजून आलेला नाही.
भर दुपारी बाराला फियॉर्डपलीकडे
थोडा निळा उजेड, धुऊन विटलेला.
पायाखाली बर्फ करकरतो,
शेजारी कुणी कुरमुरे खात चालल्यासारखा.

एकदा एक आजोबा लवकर आले.
दिवे चालू, दार बंद, ड्रायव्हर गायब.
"पाय मोकळे करतेय हो!" मी लांबूनच ओरडले.
"मग दारही मोकळं करा," ते म्हणाले.
त्या दिवशी तीनच फेऱ्या झाल्या.

मंगळवारी स्वेर्रेचा हँडबॉल.
बाकीचे आईबाप गाड्यांत,
इंजिनं चालू, हनुवटीवर फोनचा उजेड.
मी पार्किंगच्या कडेकडेनं.
तिसऱ्या आठवड्यात एक काच खाली आली.
"काही हरवलंय का?"
"हो," मी म्हटलं, "अर्धा तास."
तो काही बोलला नाही. काच वर गेली.
पुढच्या मंगळवारी तो टोपी घालून उभा होता.
आता आम्ही पाच जण आहोत.
फार बोलत नाही. बोलायला आमच्याकडे
उन्हाळा आहे.

आणि ऊद-आर्ने.
तो माशांच्या कारखान्यात रात्रपाळीला,
मी पहाटेच्या बसवर.
आमचा संसार फ्रिजच्या दारावर चालतो, चिकटपट्टीवर:
दूध संपलं. स्वेर्रेच्या मोज्याला भोक. तुझ्या आईचा फोन.
कशालाही त्याचं उत्तर एकच, खाली लिहिलेलं:
चालेल.

रविवारी मात्र दोघंही घरात.
कचऱ्याच्या पेट्या उताराखाली आहेत,
जायला शंभर पावलं, यायला शंभर,
येतानाची चढाची, म्हणून जरा जास्त.
पूर्वी मी म्हणायचे, दोन्ही पिशव्या एकदम ने ना,
कशाला दोन हेलपाटे?

एका रविवारी मीच एक पिशवी उचलली.
"येतोस?"
"चालेल."
आणि खरंच चालला की तो,
एका हातानं माझी बाही धरून,
निसरडं होतं म्हणून.
वाटेत त्यानं सांगितलं,
कारखान्यातला नवा पोरगा कॉड कापताना गातो,
आणि वाईट गातो.
मला हे माहीतच नव्हतं.
हे फ्रिजवर मावलं नसतं.

वर आलो, दुसरी पिशवी घेतली,
पुन्हा खाली.

डॉक्टरीणबाई विचारतील तेव्हा हे कसं सांगायचं?
कुठल्या रकान्यात भरायचं?

काल दुसरी पिशवी भरलीच नव्हती.
तळाशी एक केळ्याचं साल, बस्स.
ऊद-आर्नेनं क्षणभर आत पाहिलं,
तोंडाला गाठ मारली, नीट, दोनदा,
आणि बूट चढवायला
खाली बसला.