दोन मजल्यांच्या मधे

पहिल्या डॉक्टरांनी, परळला,
अकरा मिनिटांत चिठ्ठी लिहिली.
गोळीने झोप लागली, खोटं का बोला,
फक्त त्या झोपेला मोरीचा वास यायचा.

दुसऱ्या बाई पार्ल्याच्या. तक्ता भरून घ्यायच्या:
विचार, पुरावा, पर्यायी विचार.
विचाराखाली मी लिहिलं, ‘तो येतोय.’
पुराव्याखाली, ‘जिन्यावर पाय वाजतायत.’
बाई म्हणाल्या, पण वडील तर दोन हजार नऊला वारले ना?
वारले. अग्नी मीच दिला, दिवस मीच घातले.
जिन्याला कुणी कळवलं नाही.

तिसऱ्याने सांगितलं, माफ करून टाका, शेवटी बाप तो बाप.
नऊशे रुपये मोजून दिले.

चौथ्याने पहिल्याच तासाला डोळे मिटायला लावले,
म्हणाला, सगळं बाहेर येऊ द्या.
आलं.
पट्टा, कडी, खाली स्कूटर स्टँडवर लागल्याचा खाडकन आवाज,
आणि ते दुसरं,
ज्याला आमच्या घरात शब्दच नव्हता.
तास संपला. त्याने घड्याळ बघितलं, मी दार शोधलं.
तीन दिवस हात माझे नव्हते.
मुलुंडच्या टॉवरमधे एक नट ढिला राहिला माझ्याकडून.
इरफानने पाना काढून घेतला,
म्हणाला, दादा, आज तुम्ही फक्त चहा सांगा.

मी लिफ्टचं काम करतो. बावीस वर्षं झाली.
दोन मजल्यांच्या मधे अडकलेला माणूस
दार ओढून उडी मारायला बघतो,
आणि बाहेरचे म्हणतात, हो हो, खेचा त्याला.
जीव जातो तो तिथेच, त्या फटीत.
म्हणून आम्ही आधी काहीच उघडत नाही.
शाफ्टमधे तोंड घालून ओरडतो:
मी आलोय. लिफ्ट पडणार नाही. दाराला हात लावू नका.
मग लाइट बंद, ब्रेक जरासा सैल,
चाक हाताने. बोटभर. थांबायचं.
परत बोटभर.

एवढं माहीत असून
स्वतःला चार वेळा खेचायला दिलं.

पाचव्या रोझलिन डाबरे. मूळच्या वसईच्या, बसतात सायनला,
दातांच्या दवाखान्याच्या वर.
म्हणाल्या, कुठली खुर्ची हवी?
दाराजवळची.
दार लावू की राहू दे?
राहू दे.
इथे तुम्ही ‘पुरे’ म्हणालात की पुरे. कारण विचारणार नाही.
पुढचे सात आठवडे बापाचं नाव नाही.
पायाखाली काय आहे, विचारायच्या.
लादी.
कशी?
गार. कोपऱ्यातली फुटलेली.

एकदा खालून ड्रिल सुरू झालं
आणि मी सहा वर्षांचा, टेबलाच्या कडेला गच्च धरून.
त्यांनी श्वास वगैरे काही शिकवला नाही.
उठल्या, चपला घातल्या, खाली जाऊन आल्या.
म्हणाल्या, बुधवारी दवाखाना बंद असतो.
आपण बुधवारी भेटू.

एवढंच.
पण माझ्यासाठी आजवर कुणी
आवाजाला थांबवलं नव्हतं.
मी त्यांच्या रुमालात असा रडलो
की रुमाल मला घरी न्यावा लागला. धुऊन, इस्त्री करून दिला.

बरा झालो म्हणत नाही.
परवा ओवीच्या हातून कुकरचं झाकण पडलं
आणि मी फ्रिज आणि भिंतीच्या मधे होतो.
ती घाबरून बघत राहिली. प्रज्ञाने गॅस बंद केला.
लादी, म्हणालो. गार.
बाहेर यायला मागच्या वेळी रात्र लागली होती,
या वेळी भाजी करपायच्या आत आलो.

हल्ली रात्री, सगळे झोपल्यावर,
मी आत, खोल, तोंड घालून हळूच म्हणतो,
मी आलोय.
पडणार नाहीस.
दाराला हात लावू नकोस, घाई नाही.

उत्तर नाही अजून.
फक्त गेल्या सोमवारी
आतून घंटीचं बटण
एकदा दाबल्यासारखं वाटलं.