टवका

दांड्यावर नखाएवढा टवका उडालाय,
हर्णैच्या धक्क्यावर बर्फाची लादी निसटली तेव्हाचा.
खारा वारा लगेच घुसला आत.

पॉलिश पेपरने घासते.
आधी तांबूस पीठ, मग कडेला निळ्याखाली हिरवा,
हिरव्याखाली काळा.
काळी होती तेव्हा ती भाईंची होती,
मला फक्त कॅरिअरवर जागा.

इब्राहिमच्या होडीचा निळा उरलाय डबडीत,
वर साय धरलेली. काडीने फोडली.
ब्रश नाही. कोंबडीचं पीस चालतं.

जुळला नाही रंग. जरा गडदच.
जैबू म्हणते, ठिगळ दिसतंय.
दिसू दे. सायकल आहे, नवरी नाही.

वाळेस्तोवर कुणी हात लावायचा नाही,
सांगून ठेवलं सगळ्यांना,
आणि संध्याकाळी
मीच बोट टेकवून बघितलं.

ठसा राहिला.