दुसरं बटण

क्रान्यमध्ये लोक माझ्याकडे फोटो घेऊन येतात.
मी इतिहासातली कोणी नाही.
एकेचाळीस वर्षं शिवणकाम केलं,
गणवेश वाचता येतो, इतकंच.

नेवेंका येते. पाकिटातून पणजोबा काढते.
"लढवय्या होता म्हणतात. बघा ना, बंदूक."
मी भिंग लावते.
बंदूक हुमारच्या स्टुडिओतली.
दस्त्यावर विळ्यासारखी चीर आहे,
तीच चीर मी अकरा जणांच्या हातात पाहिलीये.
मागचा कठडा रंगवलेला. ढगसुद्धा.
हे मी तिला सांगत नाही.

सांगते ते असं:
टोपीच्या बिल्ल्यावर नव्या सम्राटाचं अक्षर आहे,
म्हणजे सोळाची थंडी लागल्यानंतरचा फोटो.
ओव्हरकोट गळ्याशी उघडा, आत कॉलरवर एक तारा.
साध्या शिपायाच्या एक पायरी वर.
पिंढरीच्या पट्ट्या घाईत गुंडाळलेल्या, उजवी सैल.
आणि बूट मोठे होते त्याला.
"हे कशावरून?"
उभं राहण्यावरून. अंगठे आत वळवलेत, बघ.
ती लिहून घेते. ताऱ्याचं दोनदा विचारते.

मग मला बटण दिसतं.

डाव्या रांगेतलं, वरून दुसरं.
बाकीची धातूची, मंद.
हे चार भोकांचं, कुठल्यातरी शहरी कोटाचं,
हाडाचं असावं.
मी उठते, कपाटातून हुमारच्या काचांची पेटी काढते,
एकेक काच खिडकीला लावते.

काचेवर सगळं उलटं: कोट पांढरे, चेहरे काळे.
कडेला खरवडलेलं नाव, प्रिमोझ, वसंत पंधरा.
दोन्ही रांगा पूर्ण. फक्त खिशाचं झाकण तिरकं,
कारखान्यातल्या कुणाला तरी घरी जायची घाई होती.
दुसरी काच. लोव्रो, मार्च सोळा.
तेच तिरकं झाकण.
दुसरं बटण हाडाचं,
आणि बटणाच्या जरा खाली, नाण्याएवढा,
रफू.

नेवेंकाच्या फोटोत रफू आहेच.
बाह्या बोटांच्या पेरांपर्यंत आल्यात.

पितळी डबीत घडी घातलेलं नाव
प्रत्येकाच्या विजारीच्या खिशात असायचं.
फोटोत ते कधीच येत नाही.
येतं ते कापड.

"परत आला ना तो?" मी विचारते.
"आला की. एकतीस साली छपरावरून पडला."
"आणि कोट?"
ती हसते. "घोड्यावर टाकायचे म्हणे थंडीत.
घोडं मेलं, मग कोंबड्यांच्या खुराड्यात."
चांगल्या लोकरीचा होता, मी म्हणते.
एवढ्यानं ती खूश होते, आणि निघते.

पण रफू.
टाके उजवीकडून डावीकडे कललेत.
डावखुऱ्या बाईचा हात.

मला शिवण शिकवली पावलानं, बासष्ट साली,
तेव्हाच म्हातारी होती. डावखुरी.
तरुणपणी कोक्राच्या काठी लष्करी धोबीखान्यात होती,
याहून जास्त कधी बोलली नाही.
कुणाचाही जुना कोट दुरुस्तीला आला
की आधी उलटा करायची, खिसे झटकायची,
रात्रभर उघड्या खिडकीत टांगायची.
का, असं मी एकदाच विचारलं.
"ओल," म्हणाली.

रात्री दिवा लावून पुन्हा बघते.
भिंग जवळ नेलं की टाके नाहीसे होतात,
नुसते दाणे उरतात, राखेसारखे.
मग कललेले मला दिसले ते काय होतं?
डावखुऱ्या बायका काय एकच होती का क्रान्यमध्ये.

जुन्या ब्लँकेटचा तुकडा घेते,
कात्रीनं गोल भोक पाडते,
सुई डाव्या हातात धरते.
पहिला टाका सुटतो.
दुसरा बोटात.
परत.