अर्धा किलो

मिरजेत आमच्या गल्लीत आवाज दोन:
कुठं भोपळा तासतात, कुठं तारा जुळवतात.
माझ्या खोलीतला बाहेर ऐकू येत नाही.
आडनाव शिकलगार. धार लावणाऱ्यांचं.
अब्बांनी जन्मभर सतारींची जवारी काढली,
मी पलटणीत आर्मरर झालो, हवालदार होऊन परतलो.
बंदुकांचा न्हावी, म्हणायचे तिकडं.

संपदा हारगे आली तेव्हा तिच्या पाठीवर पिस्तूल,
हवेचं, दहा मीटरचं, तिसऱ्या हातानं घेतलेलं,
आणि पुठ्ठ्याच्या डबीत नवा ट्रिगर,
निळसर, पेराखाली मावेल एवढा.
"जुना ओढताना वाळू लागते, चाचा."
बोट ठेवून पाहिलं.
वाळूच होती.

पिना काढून पांढऱ्या फडक्यावर ठेवल्या.
स्प्रिंग उडते म्हणून पंखा बंद.
घामाचा थेंब नाकाच्या शेंड्यावर थांबून
माझ्याबरोबर आत बघत राहिला.
अब्बा म्हणायचे, कानस हातात असते, थांबणं कानात.
एक हात जास्त फिरला की सूर मेला.
इथंही तसंच: आधी मऊ, मग भिंत.
भिंतीपाशी बोटाला थांबता यावं,
आणि भिंत कधी पडली ते कळू नये.

रिकामं दाबलं. खट.
पुन्हा. खट.
ती डोळे मिटून म्हणाली, "गेली वाळू."

नियम असा की ट्रिगरनं पाचशे ग्रॅम
न सुटता उचलावं.
वजन तिच्या बापानं आणलं. गुरुपाद हारगे,
सांगलीच्या हळद पेठेत तोलाईदार, तीस वर्षं.
लोखंडी, अर्धा किलो, कडांना पिवळं.
सतारीच्या तुटक्या तारेनं ते ट्रिगरला टांगलं,
पिस्तूल उभं धरून सावकाश वर घेतलं.
वजन टेबलावरून उठलं, जरा गिरकी घेऊन थांबलं.
"बसलं की," गुरुपाद म्हणाला.
परसात तिनं वीस छर्रे मारले.
नऊ, दहा, दहा, आठ.
आठला शिवी दिली, मग जीभ चावली.

कोल्हापूरला तपासणीच्या टेबलावर
पंचांनी त्यांचं पितळी वजन लावलं
आणि ट्रिगर सुटला.
तीनदा लावलं. तीनदा सुटला.

ती रडली नाही म्हणे.
बापानं फोनवर एवढंच विचारलं, "जास्ती घासलंस काय?"
रात्रभर मी त्या एका हाताशी जागा होतो
जो बहुतेक जास्त फिरला होता.

सकाळी हळदीचं वजन घेऊन सोनाराकडं गेलो.
चारशे अठ्ठ्याऐंशी.
उलटं केलं. बुडाला भोक.
ज्या शिशावर सरकारी शिक्का मारतात
ते कुठल्यातरी हंगामात गळून गेलेलं,
आणि त्या जागी हळद, बोटांनीच भरत गेलेली,
इतकी घट्ट की लोखंडाचीच वाटावी.

गुरुपाद बराच वेळ काही बोलला नाही.
पोत्यावरचं सुट्टं तो यावरच तोलायचा.
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजू लागला,
वर्षं, पोती, का माणसं,
आणि तर्जनीपाशी सोडून दिलं.

मी टाचणीनं हळद उकरली.
संपदानं न विचारता मूठ पुढं केली.
शिशाचे छर्रे, एकेक, ठोकून बसवले. सव्वीस.
सोनाराचा काटा म्हणाला, पाचशे आणि एक केस.
"आता पेठेत चालायचं न्हाई हे," गुरुपाद म्हणाला.
"शिक्का न्हाई."
"इथं चालंल."

स्क्रू पाव वेढा आवळला. तार अडकवली.
तो वजनाकडं बघत होता, ती ट्रिगरकडं.
पंखा बंदच होता.
मी कान लावून
हळूहळू हात वर घेऊ लागलो.